पाठ टेकणे आणि शरण येणे : पनवेल परिसरातील जिउ-जित्सूच्या संदर्भात मराठी मल्लविद्येचा एक विचार

प्रस्तावना

पनवेल तालुक्यातील गावांत जत्रेच्या निमित्ताने कुस्त्यांचे जंगी सामने भरविण्याची प्रथा जुनी आहे. याच परिसरात सिडकोने उभारलेल्या खारघर, कामोठे, नवीन पनवेल यांसारख्या वसाहतींतील काही व्यायामशाळांमध्ये आता रबरी गादीवर जिउ-जित्सू आणि ‘ग्रॅपलिंग’ या नावाने ओळखली जाणारी झोंबी शिकविली जाते. या दोन प्रकारांविषयी सर्वसाधारणपणे दोन मते ऐकू येतात. पहिले मत असे की, हा परदेशी खेळ असून त्याचा आपल्या मातीशी काही संबंध नाही. दुसरे मत याच्या अगदी उलट, म्हणजे ही विद्या मूळची आपलीच असून बौद्ध भिक्षूंनी ती पूर्वेकडे नेली, असे आहे. दुसऱ्या मतास विश्वसनीय पुराव्याचा आधार नाही आणि पहिले मत इतिहासाकडे पाठ फिरविते. या दोन्ही विद्यांमधील खरा भेद माती आणि गादी यांचा नसून, पराभव कशास म्हणावे या प्रश्नाच्या उत्तराचा आहे. प्रस्तुत लेखात त्याच अंगाने या विषयाचा परामर्श घेतला आहे.

मराठीत ‘पाठ टेकली’ म्हणजे हरला. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे जमिनीस लागले की तो चीतपट झाला. यात त्याच्या संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. जिउ-जित्सूमध्ये मात्र पाठीवर पडलेला खेळाडू हरलेला नसतो. किंबहुना पाठीवर राहून दोन्ही पायांनी प्रतिस्पर्ध्यास अडवून धरणे हा त्या विद्येचा पायाच मानला जातो. तेथे गुण मोजले जात असले तरी खरा निकाल लागतो तो सांध्यावरील किंवा गळ्यावरील पकड असह्य होऊन खेळाडू हाताने थोपटून शरण आल्यावर. एका विद्येत पराभव पंच जाहीर करतो, तर दुसरीत तो पराभूताने स्वतः मान्य करावा लागतो.

तालमीचे दुहेरी स्वरूप

पनवेलजवळील शिरढोण हे आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके (१८४५-१८८३) यांचे जन्मगाव. पुण्यात नोकरीस असताना फडके लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जात असत. तेथे कुस्तीबरोबरच दांडपट्टा, तलवार इत्यादींचे शिक्षण दिले जाई. एकोणिसाव्या शतकातील तालीम ही केवळ क्रीडासंस्था नव्हती. अंगाला अंग भिडविण्याचे शिक्षण तेथे लढाईच्या उपयोगासाठीही दिले जाई आणि लढाईत शत्रूची पाठ जमिनीला लागली काय आणि न लागली काय, सारखेच. १८७८ चा शस्त्र कायदा आणि १८७९ मध्ये झालेले फडक्यांचे बंड यांनंतरच्या काळात शस्त्रविद्या प्रदर्शनापुरती उरली, कुस्ती मात्र खेळ म्हणून वाढत गेली. या स्थित्यंतरास शस्त्र कायदा हे एकच कारण नव्हते. तथापि तालमीतील युद्धोपयोगी भाग मागे पडण्यास त्याचा हातभार लागला, असे म्हणण्यास हरकत नाही.

शत्रूस जायबंदी करणारी किंवा शरण आणणारी मल्लविद्या मराठी राज्यकर्त्यांच्या आश्रयाने टिकली ती मुख्यतः बडोद्यात. गायकवाडांच्या दरबारी असलेले जेठी मल्ल वज्रमुष्टीची कुस्ती खेळत. हातात शिंगाची नखे धारण करून होणारी ही रक्तरंजित झुंज फ्रेंच प्रवासी लुई रूसले याने खंडेराव गायकवाडांच्या कारकिर्दीत (१८५६-१८७०) पाहिली आणि तिचे वर्णन लिहून ठेवले. जेठींचा जातिग्रंथ ‘मल्लपुराण’ याची संपादित आवृत्ती बडोद्याच्याच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९६४ साली प्रसिद्ध झाली. पुढे बडोद्यातच जुम्मादादा यांचे शिष्य प्रा. माणिकराव यांनी मल्लखांब, लाठी इत्यादींबरोबर बिनोट, म्हणजे निःशस्त्र माणसाने सशस्त्र हल्लेखोरास आवरण्याची विद्या, जोपासली. माणिकराव हाडवैद्य म्हणूनही तितकेच ख्यातनाम होते, ही गोष्ट येथे अर्थपूर्ण ठरते. सांधा कोठे निखळतो हे ज्याला ठाऊक असते त्यालाच तो बसविताही येतो. द. चिं. मुजुमदार यांनी संपादिलेल्या दहा खंडांच्या मराठी ‘व्यायामज्ञानकोशा’त या परंपरांची तपशीलवार नोंद झाली; परंतु नोंद होणे आणि गावोगाव खेळले जाणे यांत मोठे अंतर आहे.

मैदान आणि दिसणारा निकाल

चीतपटीच्या कुस्तीने बाकीच्या प्रकारांस मागे टाकले याचे एक प्रमुख कारण म्हणजे प्रेक्षक होय. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहिले आणि त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबाग मैदान बांधविले. १९१२ साली ते खुले झाले. मध्यभागी हौदा आणि सभोवती चढत गेलेली बैठक, यामुळे शेवटच्या रांगेतील शेतकऱ्यासही कुस्ती स्पष्ट दिसे. अशा मैदानात निकालही लांबून दिसणारा हवा. पाठ लागलेली हजारो लोकांना एकाच क्षणी दिसते. मनगटाची पिळवणूक किंवा गळ्यावरचा दाब तिसऱ्या रांगेतूनही दिसत नाही. शिवाय पैलवान हा संस्थानचा, गावाचा, तालमीचा मानबिंदू होता. त्याने हजारोंसमक्ष स्वमुखाने हार कबूल करावी, ही कल्पनाच त्या समाजास मानवणारी नव्हती. वर्षभर खुराक घालून तयार केलेला मल्ल एका कुस्तीत हात मोडून घरी बसणे आश्रयदात्यासही परवडणारे नव्हते, हे व्यावहारिक कारणही दुर्लक्षिण्याजोगे नाही.

केवळ पाठीवर निकाल ठेवण्यातील मर्यादा १९१० साली लंडनमध्ये उघड झाली. १० सप्टेंबर रोजी गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांची कुस्ती झाली. झिबिस्को प्रारंभीच पोटावर पालथा पडला आणि अडीच तासांहून अधिक काळ बहुतांशी तसाच चिकटून राहिला. गामाला त्याची पाठ लावता आली नाही आणि कुस्ती अनिर्णित ठेवावी लागली. आठवड्याने ठरलेल्या दुसऱ्या कुस्तीस तो आलाच नाही. १९२८ मध्ये पतियाळा येथे मातीत मात्र गामाने त्याला मिनिटभराच्या आत चीत केले.

जपानी वळण आणि हेलसिंकी

याच सुमारास जपानी विद्या वेगळ्या वाटेने जात होती. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जुन्या जुजुत्सूतून ज्युडो घडविले. घातक डाव त्यांनी केवळ साचेबद्ध सरावापुरते ठेवले. पण गळा आवळणे आणि कोपराचा सांधा अडकविणे हे डाव, थोपटून शरण येण्याच्या सोयीसह, चढाओढीत कायम ठेवले. या एका सोयीमुळे धोकादायक डावाचा रोज पूर्ण जोराने सराव करणे शक्य झाले. कानोंचे शिष्य मित्सुयो माएदा ब्राझीलला गेले आणि त्यांच्याकडून ही विद्या ग्रेसी कुटुंबाकडे आली. तेथे जमिनीवरील झोंबीवर भर देत ती आजच्या ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या रूपास पोहोचली. १९९३ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे रॉईस ग्रेसी याने आपल्याहून वजनदार प्रतिस्पर्ध्यांना शरण आणल्यानंतर तिचा जगभर प्रसार झाला.

मराठी माती आणि जपानी ज्युडो यांची एक अप्रत्यक्ष गाठ त्यापूर्वीच पडली होती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या गटातील सुवर्णविजेता जपानचा शोहाची इशी हा मूळचा ज्युडोपटू. महायुद्धानंतर अमेरिकी प्रशासनाने ज्युडोवर निर्बंध घातल्यामुळे तो कुस्तीकडे वळला होता. खाशाबांची विद्या कोल्हापूरच्या मातीतली, तर मोठ्या स्पर्धा गादीवर. पुढे अनेक दशके मराठी कुस्तीक्षेत्रात ‘माती की गादी’ हाच वाद गाजत राहिला. शरणागतीचा नियम असलेली झोंबी मात्र त्या चर्चेत कोठेच नव्हती.

पनवेलच्या गादीवर

ही पार्श्वभूमी लक्षात घेतल्यास, मातीतून जिउ-जित्सूकडे वळणाऱ्या मल्लाची अडचण नेमकी कोठे असते हे कळते. पट काढणे, ताबा घेणे, खाली दाबून धरणे यांत तो शहरी नवशिक्यापेक्षा सरस असतो. प्रतिस्पर्ध्यास खाली पाडल्याचे दोन गुण तो सहज मिळवितो. त्याचा घात होतो तो संकटात. खाली गेल्यावर पाठ वाचविण्यासाठी पोटावर पालथे होणे हे त्याच्या अंगात भिनलेले असते आणि मातीत तोच सर्वांत सुरक्षित पवित्रा होय. जिउ-जित्सूमध्ये असे पालथे होणे म्हणजे प्रतिस्पर्ध्यास आपली पाठ बहाल करणे. दोन्ही पाय आत अडकवून पाठीचा ताबा मिळविणाऱ्यास तेथे चार गुण मिळतात आणि त्यानंतरचा डाव बहुधा गळ्यावर पडतो. झिबिस्कोला लंडनमध्ये तारणारा पवित्रा या नियमांखाली काही मिनिटेही टिकला नसता.

दुसरी अडचण मनाची आहे. थोपटणे म्हणजे हार, आणि हार म्हणजे नाचक्की, या संस्कारात वाढलेला तरुण सरावातही उशिरा थोपटतो व कोपर किंवा खांदा दुखावून घेतो. ही गोष्ट केवळ अहंकाराची म्हणून सोडून देणे योग्य नाही. जत्रेतील कुस्ती वर्षातून मोजक्या वेळा होते, ती गावासमोर होते आणि तिला इनाम असते. गादीवरील सरावात मात्र एका संध्याकाळी पाच वेळा शरण येणे ही नित्याची बाब असते व ते पाहण्यास कोणी जमलेले नसते.

जागतिक कुस्ती महासंघाने ग्रॅपलिंगला आपल्या छत्राखाली घेतले, आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेपासून जुजित्सूही पदकांच्या यादीत आले. त्यामुळे मातीतील मल्लांना हा मार्ग अधिक खुला झाला आहे. त्याच स्पर्धेत बेळगाव तालुक्यातील तुरमुरीच्या मलप्रभा जाधव यांनी ५२ किलो गटात कुराशचे कांस्यपदक मिळविले. त्यांची पायाभरणी ज्युडोची. कुराश हा मध्य आशियाई प्रकार. त्यात उभ्यानेच फेकावयाचे असते, जमिनीवरील झोंबी आणि शरणागती त्यात मुळीच नाही. म्हणजे एका झोंबीतून दुसरीत जाताना काय सोडावे लागते आणि काय नव्याने शिकावे लागते, हा प्रश्न पनवेलच्या मल्लापुरता नाही. पनवेल परिसरात मात्र जत्रेचा हौदा आणि जिउ-जित्सूची गादी एकमेकांपासून काही किलोमीटरवर आहेत. दोन्हींकडे जाणारा तरुण एकाच आठवड्यात पाठ वाचविणे आणि पाठीवर लढणे या परस्परविरोधी गोष्टी शिकत असतो.