शेंद्र्याची गाडी आणि अण्णांचा डावा पाय

गाडीचं नाव ऐकून अण्णा हसले. "व्हीआरएस? आरं, ती तर मलाबी घ्या म्हनले होते. म्या न्हाई घेतली."

अण्णा औसा आगारात एसटीचे ड्रायव्हर होते. १९८३ ला लागले, २०१५ ला निवृत्त झाले. व्हीआरएस म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, एवढाच अर्थ त्यांना ठाऊक. मी बोलत होतो ते स्कोडा ऑक्टाव्हियाच्या एका जुन्या मॉडेलबद्दल. दिसायला साधी चार दारांची सेडान, पण बॉनेटखाली टर्बो इंजिन, खालची घट्ट सस्पेन्शन आणि पाच गिअरचा मॅन्युअल दांडा. भारतात ती २००४ साली आली. औशातल्याच एका डॉक्टरांकडे २००५ ची काळी व्हीआरएस आहे आणि ते ती विकताहेत, असं मित्रानं फोटोसकट कळवलं, तेव्हा मी दिवाळीसाठी पुण्याहून गावी आलेलोच होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चालवून बघायचं ठरलं. अण्णा म्हणाले, मीबी येतो.

ही गाडी मला का बघायची होती, ते आधी सांगून टाकतो. मोबाईलवर अशा गाड्यांचे व्हिडिओ बघणाऱ्यांना माहीत असेल, की मॅन्युअल गिअर ही आता भक्तीची गोष्ट झाली आहे. जगभरची पोरं दांडा हलवतानाचा खटका कानाला हेडफोन लावून ऐकतात. मीही त्यातलाच. शिवाय ही गाडी आपल्या मराठवाड्यात जोडलेली. चेक प्रजासत्ताकातून सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि तेव्हाच्या औरंगाबादजवळ, शेंद्र्याच्या एमआयडीसीत त्यांची गाडी व्हायची. २००१ साली तिथून पहिल्या ऑक्टाव्हिया बाहेर पडल्या. दुष्काळ, पाणी आणि भूकंप यांच्याच बातम्या ज्या भागातून जातात, तिथल्या मातीतून वेगाची गाडी निघाली, याचं मला फार अप्रूप होतं.

अण्णांना नव्हतं. ते म्हणाले, "त्याच रोडला आमच्या गाड्या बनायच्या की." खरंच आहे ते. जालना रोडवर शेंद्र्याच्या अलीकडे चिकलठाणा लागतं, आणि चिकलठाण्यात एसटीची कार्यशाळा आहे. दापोडी आणि हिंगण्याप्रमाणे तिथंही टाटा आणि लेलँडच्या चासीवर लाल डब्याची बॉडी चढते. एकाच रस्त्यावर, थोड्या किलोमीटरच्या अंतरानं, आमच्या दोघांच्या गाड्या तयार झाल्या होत्या.

डॉक्टरांच्या वाड्यासमोर गाडी पुसून उभी होती. आरसी पंधरा वर्षांनंतर पाच वर्षांसाठी पुन्हा करून घेतलेली, कागद चोख. मी दार उघडून आत बसलो तर एकदम खाली गेलो. अण्णा शेजारच्या सीटवर बसताना डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घ्यायला लागले. त्यांच्या डाव्या गुडघ्याची वाटी झिजली आहे, बदला म्हणून सांगितलंय, आणि ते तीन वर्षं 'बघू' म्हणताहेत.

क्लच दाबला. माझ्या अंदाजापेक्षा जड. हळूहळू सोडत गेलो तरी काहीच होईना, आणि मग अगदी वर आल्यावर एकदम पकड घेतली. गाडीनं उडी मारली आणि बंद पडली. डॉक्टर सज्जन, त्यांनी रस्त्याकडे बघितलं. अण्णांनी नाही. "पाय उचलू नगंस. टाच टेकव अन् चवडा सोड."

दुसऱ्या वेळी जमलं.

गिअर म्हणजे काय, हे मला त्या उडीनं जितकं कळलं तितकं व्हिडिओंनी कळलं नव्हतं. इंजिन एका वेगानं फिरत असतं, चाकं दुसऱ्याच. त्या दोघांची गाठ घालून द्यायची आणि बदलायच्या वेळी सोडवायची. फ्रान्समध्ये पानार-लव्हासोर या कंपनीनं १८९० च्या दशकात दातेरी चाकं सरकवून एकमेकांत अडकवायची पद्धत बसवली. त्यात वेग जुळला नाही तर दात दातावर घासायचे. १९२८ मध्ये अमेरिकेतल्या कॅडिलॅकनं सिंक्रोमेश आणला. म्हणजे दात अडकण्याआधी एक कडं घासून दोघांचा वेग आपोआप सारखा करतं. तिथपासून मोटारवाल्यांचं काम सोपं झालं. ट्रक आणि बसवाल्यांचं मात्र पुढं कित्येक वर्षं झालं नाही. वेग जुळवणारं कडं त्यांच्या गाडीत नव्हतं, ते काम ड्रायव्हरच्या पायात आणि कानात होतं. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा; खालच्या गिअरला यायचं असेल तर थोडी रेस द्या; पुन्हा क्लच दाबा, मग गिअर टाका. याला डबल क्लच म्हणतात. अण्णा ज्या गाड्यांवर शिकले, त्या अशाच होत्या.

आपल्याकडं या दांड्याचे दोन इतिहास आहेत, आणि ते एकमेकांना फारसे भेटत नाहीत.

एक राजेरजवाड्यांचा. इंदूरच्या यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतून ड्यूसेनबर्ग एसजे मागवली. बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगनं बांधली, रंग काळा आणि नारिंगी. जवळजवळ सात लिटरचं, सुपरचार्जर लावलेलं, आठ सिलिंडरांचं इंजिन. कंपनी ३२० अश्वशक्ती सांगायची. आणि तीन गिअर, हातानं टाकायचे. आज जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या जुन्या गाड्यांत तिची गणना होते. मराठी घराण्यातल्या माणसानं मागवलेली याहून जबर स्पोर्ट्‌स कार मला तरी माहीत नाही.

दुसरा इतिहास आमच्याकडचा. त्याच दशकात, १९३२ साली, निजामाच्या सरकारनं आपल्या रेल्वेच्या खात्यामार्फत बससेवा सुरू केली. सुरुवातीला २७ गाड्या आणि १६६ माणसं. गाड्या स्कॉटलंडच्या, अल्बियन कंपनीच्या. औसा तेव्हा हैदराबाद संस्थानातच, उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. (तिकडच्या सरकारी बसच्या नंबरात अजून 'झेड' असतो. तो निजामाच्या आईच्या, जेहरा बेगमच्या नावावरून आला, असं सांगतात.) १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९६१ मध्ये इथल्या सरकारी बस महाराष्ट्राच्या एसटी महामंडळात सामील झाल्या. राजवटी बदलल्या, गाडीच्या दांड्याला हात लावणारा माणूस तोच राहिला: पगारी, खाकी कपड्यातला, मालक नसलेला.

या दोन टोकांच्या मध्ये बराच काळ फक्त फियाट होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभारलेल्या प्रीमियर कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. तिचा गिअरचा दांडा स्टिअरिंगखालीच असायचा आणि तो टाकणं ही वेगळीच कला. मौजेसाठी म्हणून मुद्दाम बनवलेली गाडी आपल्या बाजूला आली ती १९९८ च्या सुमारास, गोव्यात: सॅन स्टॉर्म. दोन सीटं, फायबरची बॉडी, उघडं छत आणि रेनॉचं ११४९ सीसीचं, साठ अश्वशक्तीचं इंजिन. ती फार चालली नाही. आपल्याकडं 'दोनच माणसं बसतात' या एका वाक्यावर गाडीचा सौदा मोडतो.

व्हीआरएसचं इथं जमलं, कारण तिच्यात पाच माणसं बसायची आणि मागं डिकीत पोतंही मावायचं.

औशाच्या बाहेर पडून लामजन्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मी मोजत होतो. ट्रॅक्टर, म्हशी, शाळेची व्हॅन, स्पीडब्रेकर. बावीस वेळा क्लच दाबला. मांडीत कळ यायला लागली होती. अण्णांच्या जुन्या गाडीत हाच आकडा चव्वेचाळीस झाला असता, आणि त्या क्लचला हायड्रॉलिक मदत नव्हती. मग पुढं रस्ता मोकळा मिळाला.

दुसऱ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमच्या खाली गाडी सुस्त, जेवून उठल्यासारखी. मग कुठून तरी श्वास घेतल्याचा आवाज येतो आणि पाठीला सीट चिकटते. इंजिन १.८ लिटरचं, एकेका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, दीडशे अश्वशक्ती. आजच्या हिशेबात हा आकडा मोठा नाही. पण तिसरा टाकताना दांडा तळहातात खट्ट बसला, पाय आणि हात एका वेळी सुटले, आणि गाडी तुटकपणे न धावता सलग पुढं गेली, तेव्हा मी हसलो. आपोआप. हे ऑटोमॅटिकमध्ये होत नाही. तिथं गाडी जाते. इथं मी तिला नेत होतो. वीस वर्षांची गाडी, डॅशबोर्डवर कुठंतरी बारीक खुळखुळ, एसी अर्धवट, आणि तरी मला ती तिथल्या तिथं घ्यावीशी वाटली.

"कशाला पळवायलास एवढं," अण्णा म्हणाले. ऐंशीवरच होतो. पुढं अर्ध्या रस्त्यावर कुणीतरी सोयाबीन वाळत घातलं होतं. मी चौथ्यातून तिसऱ्यावर आलो आणि गाडीनं मान हलवली.

"झटका दिलास."

"थोडाच बसला, अण्णा."

ते काही बोलले नाहीत. किल्लारी पाटीचा फलक दिसायला लागला. मग समोर बघतच, गिअरबद्दल सांगावं तितक्याच सुरात ते बोलायला लागले.

१९९३ साली अनंत चतुर्दशीला त्यांची मुक्कामाची गाडी या बाजूच्या एका गावी होती. रात्री विसर्जन उरकून गाव झोपलेलं. ते आणि कंडक्टर गाडीतच झोपले होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, गाडी कुणीतरी धरून हलवावी तशी हलली. एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. पुढचं मी पहिल्यांदा ऐकत होतो. उजाडायच्या आत लोकांनी घरांच्या दगडमातीतून काढलेली माणसं आणून गाडीत घातली. सीटांवर, मधल्या वाटेत, दारं काढून त्यावर. लातूरच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं होतं.

"गिअर बदलला की मागं वरडायचे. प्रत्येक बदलीला. मग म्या तिसऱ्याच्या वर गेलोच न्हाई. अन् खाली येताना असा डबल क्लच मारायचा की गाडीला कळाया नगं. लातूरपत्तूर. कवा दुसरा पडला, कवा तिसरा, मागच्याला कळलं न्हाई पायजे." थोडं थांबून म्हणाले, "त्या दिवशी शिकलो म्या गाडी. दहा वर्सं चालवूनबी तवर येत नव्हती."

मी गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच होतं. काय बोलावं सुचेना, म्हणून म्हणालो, "तुम्ही बघता का चालवून?"

मला वाटलं होतं, गुडघ्याचं कारण सांगतील. ते उतरून पलीकडून आले, सीट मागं घेतली, आरसा नीट केला. आणि निघाले. क्लच कुठं पकडतो हे त्यांनी एकदाच, पाऊण इंच हलवून बघितलं. या गाडीला सिंक्रोमेश आहे, डबल क्लचची काही गरज नाही, हे मी सांगितलं. "असू दे की," म्हणाले. वर जाताना पाय दोनदा, खाली येताना पाय दोनदा आणि मध्ये रेसचा हलकासा फुंकर. सोयाबीनपाशी तिसरा, मग दुसरा. मी डोळे मिटून बसलो होतो. कधी बदलला ते मला कळलं नाही.

मला आनंद झाला होता तो खोटा नव्हता, हे मी अजूनही म्हणेन. पण व्हिडिओतले लोक मॅन्युअलला 'स्वातंत्र्य' म्हणतात तेव्हा मला आता अडखळायला होतं. वर्षाला चार रविवार दांडा हलवणाऱ्याची ती भाषा आहे. २०१० साली औरंगाबादच्या मंडळींनी एकत्र मिळून एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या, त्याची देशभर बातमी झाली होती; त्या गाड्यांतल्या कित्येक मालकांनी क्लचपासून सुटका झाली म्हणून नि:श्वास टाकला असेल. मला त्यांचं हसू यायचं. आता येत नाही.

मॅन्युअल व्हीआरएस पुढं बंदच झाली. २०१७ मध्ये ती २३० अश्वशक्ती घेऊन परत आली, पण गिअर स्वतः बदलणारी. २०२५ मध्ये फक्त शंभर गाड्या आल्या, त्या परदेशातून तयार होऊन, आणि त्याही ऑटोमॅटिक. त्या यंत्राला 'ड्युअल क्लच' म्हणतात. आत दोन क्लच असतात, एक चालू गिअर धरतो तोवर दुसरा पुढचा तयार ठेवतो, आणि बदल मागच्याला जाणवत नाही. अण्णांना हे समजावलं तर त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग ड्रायव्हरचा पाय काय करतो?"

"काही नाही. नुसता ठेवायचा."

"ब्येस हाय," म्हणाले, आणि गुडघ्यावरून हात फिरवला.

गाडी मी घेतली की नाही ते अजून ठरायचंय. डॉक्टर किमतीवर अडून आहेत आणि घरात माझी बाजू घेणारं कुणी नाही. त्या दिवशी अण्णांनी ती वाड्यासमोर आणून उभी केली, इंजिन बंद केलं, पहिल्या गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढला. मग उतरून कडेचा एक दगड शोधला, वाकायला झालं नाही म्हणून पायानंच सरकवत आणला, आणि मागच्या चाकाखाली लावला.

डॉक्टर म्हणाले, "अहो, इथं उतार नाही."

अण्णा म्हणाले, "असू द्या."