लूप डाययुरेटिक्स: सूज आणि धाप कमी करणारी ‘लघवीची गोळी’

पायांवर सूज, जिना चढताना धाप, रात्री उताणे झोपल्यावर श्वास कोंडणे अशा तक्रारींवर डॉक्टर अनेकदा फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड ही गोळी देतात. बोलीभाषेत हिला ‘लघवीची गोळी’ म्हणतात. ही औषधे ‘लूप डाययुरेटिक्स’ या गटात मोडतात. ब्युमेटॅनाइड हेही याच गटातील औषध आहे.

हे औषध कसे काम करते?

आपली मूत्रपिंडे दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतेक पाणी आणि मीठ शरीर परत शोषून घेते. लघवीवाटे जेमतेम दीड-दोन लिटर बाहेर पडते. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांना एक लांब वळसा असतो, त्याला ‘लूप ऑफ हेन्ले’ म्हणतात. गाळलेल्या सोडियमपैकी साधारण पाव हिस्सा इथे परत शोषला जातो. लूप डाययुरेटिक नेमके हेच शोषण रोखते. मीठ लघवीत राहते आणि त्याच्यामागे पाणीही बाहेर पडते.

फ्युरोसेमाइडच्या गोळीचा परिणाम अर्ध्या ते एका तासात सुरू होतो आणि साधारण सहा तास टिकतो. शिरेतून इंजेक्शन दिल्यास काही मिनिटांतच लघवी वाढते. टॉर्सेमाइड आतड्यांतून अधिक खात्रीने शोषले जाते आणि त्याचा परिणामही जास्त वेळ टिकतो.

कोणत्या आजारांत देतात?

• हृदयाची पंपिंग क्षमता कमी होऊन फुफ्फुसांत किंवा पायांत पाणी साचणे (हार्ट फेल्युअर)
• मूत्रपिंडाच्या आजारातील सूज. यात बऱ्याचदा मोठा डोस लागतो
• लिव्हर सिरॉसिसमुळे झालेला जलोदर. यात बहुधा स्पायरोनोलॅक्टोनसोबत
• काही रुग्णांत, विशेषतः मूत्रपिंड कमजोर असताना, उच्च रक्तदाब

पायावरची प्रत्येक सूज या गोळीने उतरवायची नसते. अॅम्लोडिपिनसारख्या रक्तदाबाच्या गोळीमुळे घोट्यावर येणारी सूज किंवा एकाच पायाला अचानक आलेली दुखरी सूज यांचे कारण वेगळे असते. म्हणून शेजाऱ्याची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका.

‘इतकी लघवी होते, किडनी खराब होणार नाही ना?’

जास्त लघवी होणे हा या औषधाचा अपेक्षित परिणाम आहे. त्याने मूत्रपिंड ‘झिजत’ नाही. मात्र गरजेपेक्षा जास्त पाणी निघून गेले, तर रक्तदाब उतरतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणूनच क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियम यांची रक्ततपासणी वेळोवेळी करावी लागते.

दुष्परिणाम

• पोटॅशियम, सोडियम, मॅग्नेशियम कमी होणे: थकवा, पायात गोळे, धडधड
• उठताना चक्कर येणे
• युरिक अॅसिड वाढून गाऊटचा त्रास
• मोठ्या डोसमध्ये, विशेषतः इंजेक्शन भरभर दिल्यास, कानात आवाज किंवा ऐकू कमी येणे

पोटॅशियम कमी होते म्हणून मनानेच नारळपाणी किंवा पोटॅशियमचे औषध सुरू करू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल, तर पोटॅशियम उलट धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. ‘लो सोडियम’ मिठातही पोटॅशियम असते.

गोळी घेताना काय पाळावे?

गोळी सकाळी घ्या. दुसरा डोस असेल तर तो दुपारी घ्या, म्हणजे रात्री झोपमोड होणार नाही. प्रवास किंवा लग्नकार्य असले की बरेच जण गोळी बुडवतात. तसे करण्याऐवजी काही तास पुढेमागे घेता येईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारा.

गोळीचा अंमल ओसरला की मूत्रपिंड पुन्हा मीठ धरून ठेवू लागते. अशा वेळी लोणचे, पापड, फरसाण खाल्ले तर सकाळी गेलेले पाणी संध्याकाळी परत साचते. मीठ कमी केल्याशिवाय गोळीचा पूर्ण फायदा होत नाही. पाणी किती प्यायचे हे मात्र डॉक्टरांनाच विचारा.

रोज सकाळी लघवी करून, नाश्त्याआधी वजन करा आणि वहीत लिहून ठेवा. वाढत्या वजनातून पाणी साचल्याचे बऱ्याचदा सूज दिसण्याआधीच कळते.

अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या परस्पर घेऊ नका. त्या या औषधाचा परिणाम कमी करतात आणि मूत्रपिंडाला इजा करू शकतात. डिगॉक्सिन किंवा लिथियम चालू असल्यास तेही डॉक्टरांना सांगा.

डॉक्टरांना केव्हा कळवावे?

• दोन-तीन दिवसांत वजन २ किलो किंवा अधिक वाढल्यास
• उलट्या-जुलाब होत असल्यास किंवा पाणीही पोटात टिकत नसल्यास; गोळी काही काळ थांबवायची का, हे लगेच विचारा
• लघवी एकदम कमी झाल्यास, ऐकण्यात फरक जाणवल्यास

बसल्या जागी धाप लागणे, छातीत दुखणे, शुद्ध हरपणे किंवा गोंधळल्यासारखे बोलणे अशी लक्षणे दिसल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठा.

सूज उतरली म्हणजे आजार बरा झाला असे नाही. ती पुन्हा साचू नये म्हणूनही गोळी चालू ठेवावी लागते. डोस कमी करण्याचा किंवा बंद करण्याचा निर्णय तुमच्या वजनाच्या नोंदी आणि रक्ततपासणी पाहून डॉक्टरांनाच घेऊ द्या.