केट क्लिंटन : विनोद, श्रोतृवर्ग आणि उघड ओळख
(अमेरिकन स्टँड-अप कॉमेडीच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण)

प्रस्तावना

विनोद ही मूलतः सामाजिक कृती आहे. कविता एकांतात लिहिता येते आणि कवीच्या पश्चातही वाचली जाते. विनोद मात्र समोरचा श्रोता हसल्याखेरीज पूर्ण होत नाही. श्रोता हसण्यासाठी वक्ता आणि श्रोता यांच्यात काही समजुती आधीपासून समान असाव्या लागतात. म्हणून विनोदकाराच्या चरित्राचा अभ्यास हा एका अर्थाने त्याच्या श्रोतृवर्गाचाही अभ्यास ठरतो.

स्टँड-अप कॉमेडी या प्रकारात ही गोष्ट अधिक ठळकपणे जाणवते. मराठी रसिकांना परिचित असलेल्या एकपात्री प्रयोगात कलावंत अनेक पात्रे उभी करतो आणि त्या पात्रांच्या आड राहू शकतो. स्टँड-अपमध्ये कलावंत सामान्यतः स्वतःच्या नावाने, स्वतःच्या जीवनाविषयी बोलतो. नेपथ्य, वेशभूषा, सहकलाकार यांपैकी कशाचाही आधार त्याला नसतो. अशा कलाप्रकारात जिला स्वतःच्या जीवनातील मध्यवर्ती गोष्टच लपवावी लागते, तिच्यापुढे कोणते पर्याय उरतात? अमेरिकेतील समलिंगी स्त्री विनोदकारांच्या संदर्भात हा प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अत्यंत व्यावहारिक होता. प्रस्तुत निबंधात केट क्लिंटन यांच्या कारकिर्दीच्या आधारे या प्रश्नाचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे.

शिक्षिका ते विनोदकार

केट क्लिंटन यांचा जन्म १९४७ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील बफेलो येथे एका मोठ्या कॅथलिक कुटुंबात झाला. सिरॅक्यूज येथील ल मॉइन या जेझुइट महाविद्यालयातून पदवी आणि कोलगेट विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेतल्यानंतर त्यांनी आठ वर्षे माध्यमिक शाळेत इंग्रजीचे अध्यापन केले. १९८१ मध्ये वयाच्या तिसाव्या दशकात असताना त्या स्टँड-अपकडे वळल्या आणि पहिल्यापासूनच समलिंगी स्त्री म्हणून रंगमंचावर उभ्या राहिल्या.

या निर्णयाचे मोल समजण्यासाठी तत्कालीन परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकतेला मनोविकारांच्या यादीतून १९७३ मध्ये वगळले होते. परंतु शिक्षणक्षेत्रातील संशय त्यामुळे दूर झाला नव्हता. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात 'प्रस्ताव क्रमांक ६' मतदानास आला. समलिंगी शिक्षकांना, तसेच समलैंगिकतेचे समर्थन करणाऱ्या शिक्षकांना सार्वजनिक शाळांतून काढून टाकता यावे, असा त्याचा आशय होता. मतदारांनी तो फेटाळला. पण त्याच वर्षी ओक्लाहोमा राज्याने तत्सम कायदा संमत केला. त्या कायद्यातील समर्थनविषयक तरतूद रद्द करणारा कनिष्ठ न्यायालयाचा निर्णय १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील समसमान मतविभागणीमुळे कायम राहिला. वर्गात उभे राहणाऱ्या व्यक्तीने आपल्या जीवनाविषयी मौन पाळावे, हीच त्या काळातील सर्वसाधारण अपेक्षा होती. वर्ग सोडून रंगमंचावर गेलेल्या शिक्षिकेने नेमके तेच मौन मोडले, हे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते.

व्यावसायिक क्लब आणि त्यांची भाषा

१९७० च्या दशकात न्यू यॉर्क आणि लॉस एंजेलिस येथील कॉमेडी क्लबांचे महत्त्व वाढले. क्लबमध्ये नाव कमवावे, तेथून दूरचित्रवाणीवरील रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमात संधी मिळवावी, अशी एक व्यावसायिक शिडी तयार झाली. या शिडीवर पुरुषांचे वर्चस्व होते. फिलिस डिलर आणि जोन रिव्हर्स यांच्यासारख्या स्त्रियांनी तेथे स्थान मिळवले. परंतु त्यांच्या विनोदाचा मोठा भाग स्वतःचे रूप, संसारातील आपले अपयश यांची थट्टा करण्यावर आधारलेला होता. स्त्रीने आधी स्वतःवर हसावे, मग श्रोत्यांनी तिचे ऐकावे, असा जणू अलिखित करारच होता.

समलिंगी स्त्रीसाठी हा करार अधिकच जाचक होता. क्लबमधील विनोदांत ती बहुधा थट्टेचा विषय म्हणूनच येत असे. तिने स्वतःची ओळख सांगितली, तर पहिली काही मिनिटे स्पष्टीकरणात जाणार. आणि स्पष्टीकरण हे विनोदाला मारक असते. या परिस्थितीत काही अपवाद घडले. कॅनडात जन्मलेल्या रॉबिन टायलर यांनी १९७९ मध्ये उघडपणे समलिंगी विनोदकार म्हणून आपली ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. ती प्रकाशित करणारी संस्था व्यावसायिक बाजारपेठेतील नव्हती, तर 'ऑलिव्हिया रेकॉर्ड्स' ही स्त्रियांनी चालवलेली संस्था होती. हा तपशील पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

पर्यायी रंगमंचाची उभारणी

ऑलिव्हिया रेकॉर्ड्सची स्थापना १९७३ मध्ये वॉशिंग्टन येथे स्त्रीवादी कार्यकर्त्यांच्या एका गटाने केली. ध्वनिमुद्रण, निर्मिती, वितरण ही सर्व कामे स्त्रियांनीच करावीत, हा त्यामागील हेतू होता. १९७६ पासून मिशिगनमध्ये स्त्रियांचा वार्षिक संगीत महोत्सव भरू लागला. गावोगावच्या स्त्रीवादी पुस्तकालयांनी आणि स्थानिक निर्मात्या गटांनी कार्यक्रमांची तिकिटे विकली. चर्चची सभागृहे, महाविद्यालयांची नाट्यगृहे भाड्याने घेतली. अशा रीतीने 'विमेन्स म्युझिक' या नावाने ओळखले जाणारे एक स्वतंत्र वर्तुळ तयार झाले. हे वर्तुळ प्रामुख्याने गायिकांसाठी निर्माण झाले होते. परंतु त्याने विनोदकारांनाही श्रोते मिळवून दिले.

केट क्लिंटन यांची कारकीर्द याच वर्तुळात उभी राहिली. त्यांची 'मेकिंग लाइट' ही पहिली ध्वनिमुद्रिका १९८२ मध्ये आली आणि १९८४ मध्ये 'मेकिंग वेव्ह्ज' प्रसिद्ध झाली. येथे कार्यकारणाचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. सामान्यतः कलावंत प्रथम येतो आणि आपल्या प्रतिभेने श्रोतृवर्ग जमवतो, असे मानले जाते. येथे चळवळीने सभागृहे आणि श्रोते आधी तयार केले. त्यानंतर त्या श्रोत्यांसमोर उभी राहणारी विनोदकार घडू शकली. प्रतिभेचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. पण केवळ प्रतिभेवर ही कारकीर्द शक्य नव्हती, हेही स्पष्ट होते.

विनोदाचे स्वरूप

या श्रोतृवर्गाने केट क्लिंटन यांना एक मोठी सवलत दिली. आपण कोण आहोत, हे त्यांना समजावून सांगावे लागत नव्हते. समलैंगिकता हा विनोदाचा विषय न राहता विनोद करण्याची जागा बनली. त्या जागेवरून कॅथलिक चर्च, पोप, राष्ट्राध्यक्ष, संसद यांच्याकडे पाहता येत होते. स्वतःला कमी लेखण्याची परंपरा सोडून विनोदाचा रोख सत्तास्थानांकडे वळवणे, हे त्यांच्या कार्याचे प्रमुख वैशिष्ट्य मानता येईल.

त्यांनी स्वतःसाठी 'फ्यूमरिस्ट' हा शब्द घडवला. स्त्रीवादी आणि विनोदकार या अर्थांच्या दोन इंग्रजी शब्दांचा त्यात संयोग असून धुमसणे हा अर्थही त्यातून सूचित होतो. राग आणि हास्य परस्परविरोधी नाहीत, अशी भूमिका या एका शब्दात सामावलेली आहे. त्यांची कारकीर्द सुरू झाली त्याच वर्षी, जून १९८१ मध्ये, पुढे एड्स म्हणून ओळखल्या गेलेल्या आजाराचा पहिला अधिकृत अहवाल अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या दशकात अनेक श्रोते आपल्या स्नेह्यांच्या अंत्यविधींना जाऊन आले होते, तर शासन दीर्घकाळ उदासीन होते. अशा सभागृहात हसणे ही केवळ करमणूक राहत नाही. शोक सहन करण्याचा आणि एकत्र टिकून राहण्याचा तो एक मार्ग ठरतो.

मुख्य प्रवाहाकडे : दोन वाटा

१९९० च्या दशकात चित्र पालटू लागले. १९९३ मध्ये ली डेलॅरिया या उघडपणे समलिंगी असलेल्या विनोदकार आर्सेनियो हॉल यांच्या रात्रीच्या कार्यक्रमात झळकल्या. त्याच वर्षी केट क्लिंटन यांचा 'आउट इज इन' हा प्रयोग न्यू यॉर्कमध्ये ऑफ-ब्रॉडवेवर झाला. १९९६ मध्ये रोझी ओडॉनेल यांचा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा केट क्लिंटन यांनी त्यासाठी लेखन केले. ओडॉनेल यांनी आपली समलैंगिकता २००२ मध्ये जाहीर केली. म्हणजे पडद्यामागील लेखिका दीड दशक उघडपणे वावरत होती आणि पडद्यावरील निवेदिकेला मौन पाळावे लागत होते. दूरचित्रवाणीच्या तत्कालीन मर्यादांचे हे बोलके उदाहरण आहे.

या संदर्भात एलन डीजेनेरस यांच्या कारकिर्दीशी तुलना उद्बोधक ठरते. १९८६ मध्ये जॉनी कार्सन यांच्या कार्यक्रमामुळे त्यांना देशव्यापी प्रसिद्धी मिळाली. त्यांनी आधी सर्वसाधारण, अतिविशाल श्रोतृवर्ग मिळवला आणि ओळख नंतर प्रकट केली. ३० एप्रिल १९९७ रोजी 'एलन' या मालिकेतील त्यांच्या पात्राने आपण समलिंगी असल्याचे सांगितले. तो भाग सुमारे ४ कोटी २० लाख प्रेक्षकांनी पाहिला. काही जाहिरातदारांनी मात्र अंग काढून घेतले, अलाबामातील बर्मिंगहॅम येथील स्थानिक वाहिनीने तो भाग दाखवण्यास नकार दिला आणि पुढील वर्षी मालिका बंद पडली. त्यानंतर काही वर्षे डीजेनेरस यांना काम मिळणे कठीण झाले. २००३ ते २०२२ या काळात चाललेल्या गप्पांच्या कार्यक्रमाने त्यांना पुन्हा यश मिळवून दिले.

एका वाटेवर श्रोते लहान संख्येचे, पण सत्य प्रथमपासून सांगता येते. दुसऱ्या वाटेवर श्रोते कोट्यवधी, पण सत्याची किंमत एकदम आणि जाहीरपणे मोजावी लागते. दोहोंपैकी एका वाटेला धैर्याची आणि दुसरीला तडजोडीची म्हणणे ऐतिहासिकदृष्ट्या अन्यायाचे होईल. मात्र या विषयाचा प्रचलित इतिहास बहुधा १९९७ पासून सांगितला जातो. त्यापूर्वी सोळा वर्षे भाड्याच्या सभागृहांत जे हास्य उमटत होते, त्याची नोंद दूरचित्रवाणीच्या आकडेवारीत सापडत नाही, म्हणून ते इतिहासातूनही गळते.

कार्यकर्तृत्वाचे सहजीवन

केट क्लिंटन यांच्या चरित्रातील एक धागा भारताशी जोडलेला आहे. १९८८ पासून त्यांच्या जीवनसाथी असलेल्या उर्वशी वैद यांचा जन्म १९५८ मध्ये नवी दिल्ली येथे झाला. बालपणीच अमेरिकेत गेलेल्या वैद यांनी कायद्याचे शिक्षण घेतले आणि १९८९ ते १९९२ या काळात समलिंगी नागरिकांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या एका प्रमुख राष्ट्रीय संघटनेच्या कार्यकारी संचालक म्हणून काम पाहिले. १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या एड्सविषयक भाषणाच्या वेळी उभे राहून, फलक झळकावून त्यांनी अपुऱ्या निधीचा निषेध केला होता. १९९५ मधील 'व्हर्च्युअल इक्वॅलिटी' या ग्रंथात त्यांनी केवळ मुख्य प्रवाहात सामावून घेतले जाणे म्हणजे समता नव्हे, असे प्रतिपादन केले. केट क्लिंटन यांचा रंगमंच आणि वैद यांचे राजकीय चिंतन एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसते: स्वीकार हवा, पण कोणत्या अटींवर? १४ मे २०२२ रोजी वैद यांचे निधन झाले.

मर्यादा

पर्यायी रंगमंचाचे गुणगान करताना त्याच्या मर्यादा नजरेआड करता येत नाहीत. समविचारी श्रोत्यांपुढील विनोद परस्परांची पाठ थोपटण्यात अडकण्याचा धोका असतो. आर्थिक प्राप्तीही मर्यादित राहते. शिवाय स्वतःसाठी उभारलेल्या सभागृहालाही दार असते आणि ते काहींसाठी बंद राहते. मिशिगनच्या महोत्सवात पारलिंगी स्त्रियांना वगळण्याच्या धोरणावरून दीर्घकाळ वाद झाला आणि २०१५ मध्ये तो महोत्सव संपुष्टात आला. त्याच वर्षी २६ जून रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला देशभर मान्यता दिली. एका अर्थाने वेगळ्या सभागृहाची निकड कमी होत गेली, तेव्हाच त्याच्या भिंतीही स्पष्ट दिसू लागल्या.

निष्कर्ष

केट क्लिंटन यांच्या कारकिर्दीवरून काही निष्कर्ष काढता येतात. एक, विनोदाचे स्वातंत्र्य हे केवळ कायद्याने मिळणारे बोलण्याचे स्वातंत्र्य नसते. ऐकणारी माणसे, जागा आणि वितरणाची साधने यांवरही ते अवलंबून असते. दोन, श्रोता बदलला की विनोदाची दिशा बदलते. स्वतःकडे वळलेली थट्टा सत्तेकडे वळू शकते. २०१८ मध्ये हॅना गॅड्सबी यांच्या 'नॅनेट' या प्रयोगाने आत्मअवहेलनेच्या विनोदावर आक्षेप घेतला, तेव्हा तो अनेकांना सर्वस्वी नवा वाटला. वस्तुतः त्या विनोदाला पर्याय देण्याची वाट तीन दशकांपूर्वीच चोखाळली गेली होती. तीन, कलेचा इतिहास केवळ प्रेक्षकसंख्येच्या उच्चांकांवरून लिहिला, तर ज्यांनी प्रेक्षक घडवले त्यांचे श्रेय हरवते.

कलावंताच्या कर्तृत्वाचे मूल्यमापन करताना त्याच्यासाठी खुर्च्या मांडणाऱ्या, तिकिटे विकणाऱ्या आणि दिवे लावणाऱ्या अनामिक स्त्रियांनाही इतिहासात स्थान द्यावे लागते. त्यांच्या श्रमाखेरीज हे हास्य उमटलेच नसते.