गादी आणि गादीवरचा माणूस

गेल्या दिवाळीत आमच्याकडे फराळाला जमलेल्या मंडळींत चकली-अनारशांपेक्षा अमेरिकेचीच चर्चा जास्त झाली. तुमच्याकडेही थोडेफार तेच झाले असेल. कुणाचा भाऊ न्यू जर्सीत, कुणाची मुलगी टेक्सासमध्ये. त्यामुळे तिकडचे राजकारण आता आपल्याला परके राहिलेले नाही. वादाचा मुद्दा असा होता की, रिपब्लिकन पक्षातले लोक आपसातच इतके का भांडतात? राष्ट्राध्यक्षाच्या हाती सगळी कार्यकारी सत्ता एकवटलेली असावी असे म्हणणारे कॉन्झर्व्हेटिव्ह, आणि त्याच्या हाताला लगाम हवाच असे म्हणणारेही कॉन्झर्व्हेटिव्ह! माझी भाची इथेच जन्मलेली, ए-लेव्हलला पॉलिटिक्स घेतलेली. ती म्हणाली, "मामा, दोघेही एडमंड बर्कचं नाव घेतात. मग त्यातला खरा कोण?"

त्या वेळी मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण नंतर आठवले की या बर्कच्या घरी आपला एक मराठी माणूस पाहुणा म्हणून राहून गेला आहे. हाउन्सलोहून गाडीने साधारण पाऊण तासावर असलेल्या बीकन्सफील्डला, १७८१ साली. आणि तो तिथवर पोचला तो अशाच एका आपसातल्या भांडणामुळे. भाचीला द्यायचे राहिलेले उत्तर त्या भांडणात सापडते, म्हणून ती हकिगत तुम्हाला सांगतो.

इथे वाढलेल्या वाचकांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. पेशवा म्हणजे राजा नव्हे. राजा म्हणजे साताऱ्याचे छत्रपती. पेशवा हा त्यांचा मुख्य प्रधान. १७४९ साली शाहू महाराज वारले आणि खरा कारभार पुण्याच्या शनिवारवाड्यातून चालू लागला. तरी नव्या पेशव्याला प्रधानपदाची वस्त्रे यायची ती साताऱ्याहूनच. राजा एकीकडे आणि कारभार दुसरीकडे, ही व्यवस्था इंग्लंडमध्ये राहणाऱ्याला वेगळी समजावून सांगायला नको.

पानिपतानंतर, १७६१ साली, नानासाहेब पेशवे वारले. त्यांचा मुलगा माधवराव सोळा वर्षांचा होता, आणि चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, कसलेले सेनापती. चुलत्याला वाटे, कारभार आपल्या हाती असावा. पुतण्याला वाटे, पेशवा मी आहे. १७६२ साली आळेगावला दोघांच्या फौजा एकमेकींना भिडल्या आणि माधवरावांना नमते घ्यावे लागले. पुढे १७६८ साली धोडपला माधवरावांनी चुलत्याचा पराभव केला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. १७७२ साली माधवराव थेऊरला क्षयाने गेले. धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला, आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यातच गारद्यांनी त्याचा खून केला. 'धरावे'चे 'मारावे' कुणी केले, ती 'ध'चा 'मा' झाल्याची कथा तुम्ही लहानपणी ऐकलीच असेल. कथा खरी असो वा नसो, खुनानंतर गादीवर बसले ते राघोबादादा.

आता पाहा, पुण्यात काय झाले ते. शत्रू चालून आला नव्हता. विरोधी पक्ष नावाची गोष्टच तेव्हा नव्हती. गादीवर बसलेला माणूस पेशवे घराण्यातलाच होता, पराक्रमी होता आणि फौज त्याच्या हाताशी होती. अशा वेळी न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी खुनाची चौकशी केली, ठपका राघोबादादांवर ठेवला, या अपराधाला देहान्त प्रायश्चित्तच आहे असे त्यांना तोंडावर सांगितले आणि पद सोडून ते पुण्याबाहेर निघून गेले. रामशास्त्री बंडखोर नव्हते. जन्मभर त्यांनी पेशव्यांचीच चाकरी केली होती. गादीचा मान राखायचा, तर गादीवरच्या माणसाला 'नाही' म्हणावे लागते, एवढेच त्यांनी ओळखले.

त्यांच्यामागोमाग कारभारी उठले. नाना फडणीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे आणि इतर काही जण मिळून जे कारस्थान झाले, ते 'बारभाई'. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. बारभाईंनी तिला पुरंदर किल्ल्यावर नेले आणि तिच्या नावाने कारभार सुरू केला. १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला, सवाई माधवराव. चाळीस दिवसांच्या त्या बाळासाठी साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे आली. आज हे वाचताना हसू येईल, पण त्यातला विचार पक्का होता. गादी बाळाची, कारभार मंडळाचा, आणि शिक्का नियमाप्रमाणे.

राघोबादादांनी मात्र घरातले भांडण वेशीबाहेर नेले. ६ मार्च १७७५ रोजी त्यांनी सुरतेला मुंबईच्या इंग्रजांशी तह केला. मला पुण्याला नेऊन बसवा, साष्टी आणि वसई घ्या, असा तो सौदा. चिमाजी अप्पांनी केवढ्या रक्ताने वसई घेतली होती, ते आठवा!

गंमत म्हणजे इंग्रजांच्या घरातही भाऊबंदकी चालू होती. १७७३ च्या कायद्याने कलकत्त्याला वॉरन हेस्टिंग्ज गव्हर्नर जनरल झाला होता. पण त्याच्या कौन्सिलात तो धरून पाच जण, आणि निर्णय बहुमताने. त्यातले तिघे त्याच्या विरोधात. मुंबईने केलेला सुरतेचा तह कलकत्त्याने नामंजूर केला आणि १ मार्च १७७६ रोजी बारभाईंशी पुरंदरचा तह केला. मुंबईकरांनी तो मनापासून मानला नाही. ते राघोबादादांना घेऊन बोरघाट चढून आले आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांपुढे शरण गेले. पुणे-लोणावळा लोकलने गेला असाल तर वडगाव स्टेशन तुम्ही पाहिले असेल. तेच हे गाव. कलकत्त्यात तर हेस्टिंग्ज आणि त्याचा कौन्सिलातला विरोधक फिलिप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट १७८० मध्ये पिस्तुले घेऊन द्वंद्व केले. फ्रान्सिस जखमी झाला आणि मग विलायतेला परतला. हेस्टिंग्जविरुद्धचा सगळा मालमसाला त्याच्याबरोबर इथे आला.

मुंबईकरांकडून काम होईना, म्हणून राघोबादादांनी थेट लंडनलाच वकील धाडले. हनुमंतराव नावाचे ब्राह्मण आणि त्यांच्याबरोबर मणियार हे पारशी गृहस्थ. १७८१ साली ते इथे पोचले. इथे त्यांची आबाळच झाली. सोवळे सांभाळणारा माणूस लंडनच्या भाड्याच्या खोलीत स्वयंपाक करणार कसा? आपल्यातल्या ज्यांनी १९६०-७० च्या दशकात घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात फोडणी घालायची चोरी सोसली, त्यांना हनुमंतरावांचे हाल लगेच समजतील. बर्कला हे कळले तेव्हा तो त्यांना आपल्या बीकन्सफील्डच्या घरी, 'ग्रेगरीज'ला, घेऊन गेला. बागेतले ग्रीनहाऊस त्याने त्यांना मोकळे करून दिले. स्नानसंध्या, स्वयंपाक, जेवण सगळे तिथे त्यांच्या रीतीप्रमाणे.

राजकारण म्हणून पाहिले तर ती खेप वायाच गेली. मे १७८२ मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. कंपनीने राघोबादादांना सोडून दिले आणि त्यांना दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली. ते कोपरगावला जाऊन राहिले आणि पुढच्याच वर्षी वारले.

पण बर्कचे काम संपले नव्हते. कंपनीचा हिंदुस्थानातला कारभार संसदेच्या समितीत बसून तो त्याच सुमारास खोदून काढत होता. १७८६ साली त्याने हेस्टिंग्जवर आरोपपत्र मांडले. त्यात मराठ्यांशी झालेले युद्ध आणि तह यांवरही एक कलम होते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की दूरदेशी गेलेल्या अधिकाऱ्यालाही मनमानी करण्याचा हक्क नाही; सत्ता ही सोपवलेली ठेव आहे आणि तिचा हिशेब द्यावा लागतो. फेब्रुवारी १७८८ मध्ये वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटला उभा राहिला, सात वर्षे चालला आणि एप्रिल १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला.

म्हणजे बर्क हरला? वेस्टमिन्स्टरला हरला. पण खटला उभा राहण्याआधीच ती चर्चा अटलांटिक ओलांडून गेली होती. ८ सप्टेंबर १७८७ रोजी फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना लिहिणारे बसले होते. राष्ट्राध्यक्षाला पदावरून काढायचे ते कोणत्या गुन्ह्यासाठी? मसुद्यात देशद्रोह आणि लाचखोरी एवढेच होते. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन उठले आणि म्हणाले की एवढ्याने भागणार नाही. हेस्टिंग्जवर देशद्रोहाचा आरोप नाही, तरी त्याची चौकशी चाललीच आहे ना? 'गैरकारभार' हा शब्द त्यांनी सुचवला. मॅडिसननी हरकत घेतली की इतक्या सैल शब्दाने राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या मर्जीवर राहील. मग इंग्लंडच्या संसदेतला जुना शब्दप्रयोग घेतला गेला, तो 'हाय क्राइम्स अँड मिसडिमीनर्स'. टीव्हीवर महाभियोगाची बातमी लागली की जे शब्द आपण ऐकतो, ते हेच. हेस्टिंग्जच्या आरोपपत्रात मराठ्यांच्या भांडणाचाही धागा होता, आणि हेस्टिंग्जचे नाव घेऊन ते शब्द अमेरिकेच्या घटनेत गेले.

कायद्यात शब्द असले तरी ते चालवायला माणसे लागतात, आणि ती आपल्याच बाजूची लागतात. विरोधक 'नाही' म्हणतो, ते त्याचे कामच असते. याचा दाखला आपल्या पायाखालीच आहे. राजा दुसरा जेम्स दर उन्हाळ्यात आपल्या या हाउन्सलो हीथवर फौजेची छावणी टाकून बसायचा, लंडनवर वचक राहावा म्हणून. १६८८ साली त्याने सात बिशपांवर खटला भरला. राजनिष्ठा हाच ज्यांचा धर्म, अशी ही माणसे. पण राजाचे एक फर्मान बेकायदा आहे असे त्यांनी त्याला अर्ज करून कळवले होते. ३० जूनला ते निर्दोष सुटले, तेव्हा या माळावर राजाच्याच शिपायांनी जयघोष केला. त्याच वर्षअखेर जेम्स देश सोडून पळाला.

दुसरा दाखला अमेरिकेचा. ७ ऑगस्ट १९७४ रोजी बॅरी गोल्डवॉटर, ह्यू स्कॉट आणि जॉन ऱ्होड्स हे तीन रिपब्लिकन नेते व्हाइट हाउसमध्ये गेले आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना सांगून आले की, काँग्रेसमध्ये तुम्हाला वाचवण्याएवढी मते आता उरलेली नाहीत. गोल्डवॉटर म्हणजे त्या काळच्या कॉन्झर्व्हेटिव्हांचे दैवत. दोन दिवसांनी निक्सन पायउतार झाले.

इथे थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण ती अर्धीच ठरेल. बारभाईंचे पुढे काय झाले, तेही ऐका. चारच वर्षांत त्यांच्यात फूट पडली. नानांचा चुलतभाऊ मोरोबा फडणीस याने राघोबादादांना परत आणण्याचा घाट घातला. सखारामबापूंचे बोलणे दोन्हीकडे चालू होते. १७७८-७९ मध्ये नानांनी दोघांनाही कैदेत टाकले. बापू कैदेतच वारले. बारभाईंचे 'एकभाई' झाले. नाना विलक्षण हुशार आणि दक्ष होते, पण मंडळ मोडले ते मोडलेच. आपल्यामागे कारभार कसा चालावा याचा नियम मागे राहिला नाही. ज्याच्या नावाने सगळे उभारले, तो सवाई माधवराव पहाऱ्यात वाढला आणि ऑक्टोबर १७९५ मध्ये शनिवारवाड्याच्या सज्जातून पडून गेला. गादीवर आला राघोबादादांचा मुलगा, दुसरा बाजीराव. १८०० साली नाना वारले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजांचा पराभव केला. मराठ्यांनीच मराठ्यांचा. बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईला इंग्रजांशी तह करून त्यांची फौज घेऊन परतला. बापाने जे सुरतेला केले, तेच मुलाने वसईला केले. १८१७ साली शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला.

म्हणून भाचीला आता मी सांगेन, की बर्कचे नाव कोण घेतो ते पाहू नकोस. स्वतः बर्क काही टोरी नव्हता, तो व्हिग होता. आणि १७९१ साली फ्रेंच राज्यक्रांतीवरून आपला जिवलग मित्र फॉक्स याच्याशी त्याने भर संसदेत मैत्री तोडली. आपसातल्या भांडणाला तोही भ्यायला नाही. कुठल्याही पक्षात भांडण झाले की एकच बघायचे. हे भांडण गादी राखण्यासाठी आहे, की गादीवरचा माणूस राखण्यासाठी? कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे राखणारा. पण काय राखणारा, हे त्याचे त्याला ठरवावे लागते. रामशास्त्रींनी गादी राखली. नानांनीही आधी गादीच राखली, पण पुढे गादी आणि आपण यांतला फरक त्यांना दिसेनासा झाला. हा धोका चांगल्या माणसालाही असतो.

ग्रेगरीज १८१३ साली जळून गेले. बर्कचे थडगे मात्र बीकन्सफील्डच्या सेंट मेरी चर्चमध्ये आहे. दिवाळीच्या सुट्टीत एखाद्या शनिवारी मुलांना घेऊन जा. फराळाचा डबा बरोबर असू द्या. तिथे बसून खाताना हनुमंतरावांची आठवण काढा. पहिली मराठी फोडणी त्या गावात त्यांनी घातली असावी, असे मला आपले वाटते.