दहा ते सहा : एका वेळेची कुळकथा

11 डिसेंबर 2017 रोजी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने देशातल्या सगळ्या टीव्ही वाहिन्यांना एक सूचनापत्र धाडलं. कंडोमच्या जाहिराती रात्री दहा ते सकाळी सहा एवढ्याच वेळात दाखवाव्यात, असं त्यात म्हटलं होतं. कारण दिलं होतं लहान मुलांचं. आधार होता 1994 च्या केबल टेलिव्हिजन नियमांतल्या सातव्या नियमाचा. मुलांच्या मनात अनिष्ट गोष्टींबद्दल ओढ निर्माण करणारी जाहिरात नको आणि असभ्य, सूचक, किळसवाणं काही नको, असं तो नियम सांगतो.

डिसेंबर म्हणजे बीड जिल्ह्यात ऊसतोडीचा भर. अंबाजोगाई तालुक्यातल्या घाटनांदूरच्या आसपासची कितीतरी जोडपी तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर असतात. पहाटेच्या अंधारात कोयता हातात घ्यायचा असतो, त्यामुळे कोपीतली, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतली, माणसं रात्री दहाला जागी नसतात. गावात उरलेल्या घरांत आजी-आजोबा, शाळेत जाणारी नातवंडं आणि संध्याकाळी सातपासून लागलेल्या मालिका. जेवणंखाणं टीव्हीसमोरच होतात. नको ती जाहिरात आली की कुणीतरी रिमोट उचलतं, कुणाला अचानक पाणी प्यायला उठावंसं वाटतं. हा संकोच खरा आहे, आणि त्याची टिंगल करणाऱ्यांना गावातलं एकखणी घर ठाऊक नाही. पण त्या संकोचाला घड्याळ कुणी बांधलं, कधी बांधलं, याचा शोध घ्यायला लागलं की दिल्लीच्या पलीकडे, थेट एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात जावं लागतं.

अश्लील मजकुराविरुद्धचा कायदा तिथे 1857 मध्ये झाला, लॉर्ड कॅम्पबेल यांच्या पुढाकाराने. पुढे वुल्व्हरहॅम्प्टनच्या हेन्री स्कॉट नावाच्या माणसाने कॅथलिक पंथातल्या पापकबुलीच्या प्रथेवर टीका करणाऱ्या पुस्तिका विकल्या. नफा हा त्याचा हेतू नव्हता, त्याला त्या पंथाचं पितळ उघडं पाडायचं होतं. पुस्तिका जप्त झाल्या. बेंजामिन हिकलिन या न्यायाधिकाऱ्याने स्कॉटचा हेतू पाहून त्या नष्ट करण्याचा हुकूम रद्द केला. वरच्या न्यायालयात 1868 मध्ये सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी मात्र हेतूचा विचार बाजूला सारला. ज्यांचं मन अशा मजकुराने बिघडू शकतं त्यांच्या हाती तो पडला तर काय होईल, एवढंच पाहायचं, असं त्यांनी ठरवलं. शहाण्या, प्रौढ वाचकाला काय उपयोग होईल हा प्रश्न तिथून मागे पडला. सगळ्यांनी काय वाचावं याचं माप घरातलं सर्वांत कोवळं मन ठरलं. ज्या न्यायाधिकाऱ्याने स्कॉटच्या बाजूने निकाल दिला होता, त्याचंच नाव त्या कसोटीला कायमचं चिकटलं. नऊ वर्षांनी, 1877 मध्ये, संततिनियमनाची पुस्तिका छापल्याबद्दल चार्ल्स ब्रॅडलॉ आणि ॲनी बेझंट यांच्यावर लंडनमध्ये खटला चालला. गर्भनिरोधनाची माहिती आणि अश्लीलता ही जोडगोळी अशी कायद्याच्या दारात एकत्र उभी राहिली.

इंग्रजी अमलातल्या भारतीय न्यायालयांनी हीच हिकलिन कसोटी उचलली, आणि मराठी मुलखात तिचा सर्वांत मोठा मार बसला तो रघुनाथ धोंडो कर्वे यांना.

कर्व्यांवर थोडं थांबायला हवं. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचा हा थोरला मुलगा गणिताचा प्राध्यापक. फ्रान्समध्ये शिकून आला. 1921 मध्ये त्याने मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. त्याच वर्षी मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपलं केंद्र सुरू केलं, म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या एक वर्षही मागे नव्हती असं म्हणायला हरकत नाही. विल्सन कॉलेजला हा उद्योग मानवला नाही आणि कर्व्यांना नोकरी सोडावी लागली. पत्नी मालतीबाईंनी संसाराचा भार उचलला, मूल होऊ न देण्याचा निर्णयही दोघांचा. 1927 च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' मासिक निघालं आणि 1953 मध्ये मरण येईपर्यंत कर्व्यांनी ते चालवलं. वर्गणीदार थोडे, कर्ज फार. त्यात वाचकांचे प्रश्न असत आणि त्यांना सरळ उत्तरं असत. ज्या गोष्टी नवरा-बायको एकमेकांशीही बोलत नव्हते, त्या कर्वे छापून देत होते. साधनं मिळावीत म्हणून त्यांनी 'राइट एजन्सी'ही काढली. माहिती आणि वस्तू दोन्ही एका जागी मिळाल्या तरच लोकांच्या उपयोगी पडतील, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

1931 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा पहिला खटला झाला आणि 100 रुपये दंड झाला. 1934 मध्ये दुसरा. या वेळी त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लीलच, हे गृहीतक बाबासाहेबांनी नाकारलं. खटला हरले, पुन्हा दंड झाला. पण बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. 1938 च्या नोव्हेंबरात मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या सोयी सरकारने द्याव्यात असा ठराव त्यांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मांडला, आणि तो फेटाळला गेला. मधल्या काळात, 1935 च्या डिसेंबरात, संततिनियमनाच्या अमेरिकन पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या. कृत्रिम साधनं गांधीजींना मान्य नव्हती, त्यांचा भर संयमावर. या साऱ्या वादाची धग घाटनांदूरला लागली असेल असं मात्र वाटत नाही. बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता.

स्वातंत्र्यानंतर सरकारने दोन गोष्टी एकदम केल्या, आणि त्या एकमेकींच्या उलट होत्या. 1952 मध्ये कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. दोनच वर्षांनी, 1954 मध्ये, आक्षेपार्ह औषध-जाहिरातींविरुद्ध कायदा केला. त्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात ज्या औषधांच्या जाहिरातींना बंदी आहे, त्यात गर्भपाताच्या औषधांबरोबर स्त्रियांच्या गर्भनिरोधक औषधांचंही नाव आहे. वैदू-भोंदूंच्या फसव्या गोळ्यांपासून बायकांना वाचवणं हा हेतू चांगला होता. पण शासनाने यावर बोलायचं आणि इतरांनी गप्प बसायचं, ही वाटणी तिथे पक्की झाली.

शासन बोललं, आणि मोठ्याने बोललं. कुटुंब नियोजनाचा उलटा लाल त्रिकोण साठच्या दशकात दवाखान्यांच्या भिंतींवर, एसटीच्या पाठीवर, काडेपेट्यांवर आला. त्यामागे दीप त्यागी नावाचा कल्पक अधिकारी होता. 1968 मध्ये 'निरोध' हा सरकारी कंडोम बाजारात आला, 15 पैशांना तीन. तो गावोगाव पोचवायचं काम ब्रुक बाँड, लिप्टन, हिंदुस्थान लिव्हर, टाटा ऑइल मिल्स, आयटीसी, युनियन कार्बाइड अशा कंपन्यांकडे दिलं होतं. म्हणजे चहा, साबण, सिगारेट आणि बॅटरीचे सेल ज्या वाटेने किराणा दुकानात येत, त्याच वाटेने निरोध आला. या योजनेचं मला आजही कौतुक वाटतं. वस्तूला तिची लाज न वाटू देता विकण्याचा हा मार्ग होता.

मग 1976 आलं. 1 जानेवारीपासून दूरदर्शनवर व्यापारी जाहिराती सुरू झाल्या, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक संमत केलं. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. मुख्यमंत्री होते मराठवाड्याचे शंकरराव चव्हाण. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा झाला नाही, पण देशभर 1976-77 या एका वर्षात 80 लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत बहुसंख्य पुरुष होते. त्या भीतीनंतर पुरुष या कार्यक्रमातून जवळजवळ नाहीसा झाला. कार्यक्रमाचं नाव बदलून 'कुटुंब कल्याण' झालं आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर बाई आली. ती अजून तिथेच आहे.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर निरोध आणि माला-डी या गर्भनिरोधक गोळ्यांच्या जाहिराती घरातली सगळी माणसं बसलेली असताना लागत. 1984 मध्ये सुरू झालेली 'हम लोग' ही मालिका तर कुटुंब नियोजनाचा विचार रुजवावा या हेतूनेच आखली होती, मेक्सिकोतल्या मालिकांचा धडा घेऊन. उपदेश जड होतोय हे दिसल्यावर तो कमी केला आणि कथा वाढवली. तेव्हा मुलं टीव्हीसमोर नव्हती असं थोडंच आहे? पण त्या जाहिरातीत सुख नव्हतं, लोकसंख्या होती. सरकार आकडा कमी करा म्हणत होतं, तोवर घरातल्या कोवळ्या मनाची कुणाला आठवण झाली नाही.

वादाला तोंड फुटलं ते 1991 मध्ये, आणि त्याची नाळ मराठवाड्यात आहे. 'कामसूत्र' हा कंडोम औरंगाबादच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात तयार होऊ लागला. अलिक पदमसी यांच्या लिंटास या जाहिरातसंस्थेने त्याची जाहिरात केली. पूजा बेदी आणि मार्क रॉबिन्सन यांची छायाचित्रं 'डेबोनेर' मासिकात छापून आली आणि गदारोळ झाला. दूरदर्शनने त्याची जाहिरात दाखवायला नकार दिला. कंडोम कर्तव्यासाठी वापरायचा की आनंदासाठी, हा प्रश्न प्रथमच उघड्यावर आला होता. ब्रिटनमध्ये टीव्हीवर कंडोमची जाहिरात 1987 पर्यंत नव्हती, एड्सच्या भीतीने ती आली. अमेरिकेत राष्ट्रीय वाहिनीवर ती पहिल्यांदा 1991 मध्येच दिसली. म्हणजे अवघडलेले एकटे आपणच नव्हतो.

पुढे केबल आली, खासगी वाहिन्या आल्या, आणि कंडोम विकणाऱ्यांनी उत्तेजक चित्रांची चढाओढ लावली. त्यातल्या बऱ्याच जाहिराती मला वाईट वाटतात. त्यांत बाई ही वस्तू असते, पुरुष शिकारी असतो आणि साधन का वापरायचं, कसं वापरायचं याचा एक शब्द नसतो. तक्रारी झाल्या, त्या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेकडे गेल्या, संस्थेने मंत्रालयाला विचारलं आणि मंत्रालयाने घड्याळ पुढे केलं. गंमत बाजूला ठेवून पाहण्यासारखी बाब अशी, की सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अवीक सरकार खटल्यात हिकलिन कसोटी सोडून दिली होती आणि समाजाच्या आजच्या धारणा पाहा असं सांगितलं होतं. तीन वर्षांनी ती कसोटी दुसऱ्या दाराने परत आली. राजस्थान उच्च न्यायालयात याचिका गेली, नोटीस निघाली, आणि डिसेंबर संपायच्या आत मंत्रालयाला खुलासा करावा लागला की वेळेचं बंधन उत्तेजक जाहिरातींना आहे, माहिती देणाऱ्या जाहिरातींना नाही. मूळ सूचना सगळ्या वर्तमानपत्रांत ठळक झळकली होती. खुलासा किती जणांनी वाचला?

हा खुलासाच मला या सगळ्या कुळकथेतला सर्वांत कामाचा कागद वाटतो, कारण तो बीड जिल्ह्याच्या उपयोगी पडू शकतो.

इथली परिस्थिती आकड्यांतच सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के स्त्रियांनी नसबंदी करून घेतली आहे. पुरुष नसबंदी 0.3 टक्के. कंडोम वापरणारी जोडपी 9.5 टक्के. बीड जिल्ह्यात विशीतल्या बायकांपैकी शंभरात चाळीसहून अधिकींचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालं होतं. लवकर लग्न, लवकर दोन-तीन बाळंतपणं, मग ऑपरेशन, मग फडावर वाकून तोडणी आणि मोळी वाहणं. पाळीच्या दिवसांत सुट्टी घेतली तर मुकादम खाडा लावतो, म्हणजे दंड कापतो. पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय म्हणून दवाखाना गाठला की कॅन्सरची भीती घातली जाते आणि 'पिशवी' काढली जाते. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. बीडमधल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं.

याला कंडोमच्या जाहिरातीची वेळ कारणीभूत आहे असं मी म्हणत नाही. गरिबी, आगाऊ घेतलेली उचल, मुकादम, खासगी दवाखान्यांचा लोभ ही कारणं सरळ दिसतात. पण वयाच्या पस्तिशीच्या आत शरीराचा एक भाग काढून टाकायला बाई इतक्या सहज तयार होते, यामागे त्या शरीराबद्दल घरात कधीच काही बोललं न जाणं आहे. जंतुसंसर्ग कशाने होतो, कंडोमने तो किती टळतो, दोन मुलांत अंतर ठेवायला काय काय आहे, नवऱ्याची नसबंदी बायकोच्या ऑपरेशनहून किती सोपी, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आशाताई सांगतात. 2011 पासून एक रुपयाला तीन निरोध घरपोच देण्याची योजनाही त्यांच्याच हातून सुरू झाली. पण बाईने बाईच्या कानात सांगितलेली गोष्ट पुरुषाला आपली वाटत नाही. टीव्हीवर, सगळ्यांदेखत, साडेसातला ती सांगितली गेली तर ती घराची होते.

अंबाजोगाईत सरकारी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी इथल्याच बोलीत, ऊसतोडीच्या जोडप्याशी बोलावं, शेजारी नवरा बसलेला असावा आणि प्रश्न त्याने विचारावा, अशी अर्ध्या-पाऊण मिनिटाची जाहिरात करायला 2017 च्या खुलाशानंतर कुठलाही नियम आड येत नाही. ती राज्याच्या आरोग्य विभागाने करावी, मराठी वाहिन्यांवर मालिकांच्या मध्ये लावावी, आणि दसऱ्याच्या आधी लावावी. दसरा झाला की गाड्या भरायला लागतात.