जलतरणाच्या इतिहासातील एक उपेक्षित पान

संत पौलाला कैदी म्हणून रोमला नेणारे गलबत माल्टा बेटापाशी फुटले, तेव्हा त्यावर २७६ माणसे होती. कैदी पोहून पळून जातील या भीतीने शिपायांनी त्यांना ठार मारण्याचा बेत केला. परंतु शताधिपतीने तो मोडून काढला. ज्यांना पोहता येते त्यांनी आधी उड्या टाकाव्यात, उरलेल्यांनी फळ्यांच्या आधाराने यावे, असा त्याने हुकूम दिला आणि सर्व जण किनाऱ्याला लागले. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात हे सारे आले आहे. जलतरणाचा इतिहास लिहिणारे बहुधा आधी उडी टाकणाऱ्यांचाच इतिहास लिहितात. आम्हाला फळीवाल्यांविषयी लिहावयाचे आहे.

वसई-उत्तनच्या वाचकांना समुद्र अंगणात आहे. नागपूरच्या दक्षिणेकडील बेसा येथून मात्र पूर्वेचा काय नि पश्चिमेचा काय, दोन्ही समुद्र शेकडो किलोमीटर दूर. इकडच्या खेड्यापाड्यांत पोहणे शिकावयाचे ते विहिरीत, पाठीला सुका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून. त्या विहिरीवर घरातल्या आंधळ्या वा पांगळ्या मुलाला सहसा कोणी नेत नसे. त्याने ओसरीवर बसावे, हीच माया समजली जाई. आपली ख्रिस्ती घरेही याला अपवाद होती असे म्हणवत नाही.

स्पर्धात्मक जलतरणाच्या आरंभीच्या काळात पोहणे बरेचसे उघड्या पाण्यातच होई. १८७५ साली कॅप्टन मॅथ्यू वेब याने सुमारे पावणेबावीस तासांत इंग्लिश खाडी पार केली. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमधील शर्यती झेआच्या उपसागरात, थंडगार पाण्यात झाल्या. १९०८ मध्ये लंडनला मैदानातच शंभर मीटरचा हौद बांधण्यात आला आणि ऑलिंपिकचे पोहणे भिंतींच्या आत आले. पुढे २००८ साली बीजिंगला दहा किलोमीटरची खुल्या पाण्यातील शर्यत सुरू झाली. तिच्यात दक्षिण आफ्रिकेची नताली दु तुआ सोळावी आली. तिचा डावा पाय अपघातानंतर कापलेला होता. ती धडधाकट स्त्रियांबरोबर पोहली, हे आवर्जून सांगावयास हवे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे लष्करातील जवान. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना कायमचे अपंगत्व आले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक मिळविले. वेळ ३७.३३ सेकंद, तो विश्वविक्रम ठरला. ऑलिंपिक असो वा पॅरालिंपिक, भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्णपदक! आणि त्यांची दखल? पद्मश्री २०१८ मध्ये. अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे पदकानंतर बावन्न वर्षांनी. मधल्या काळात ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ हा शब्द आला. शब्द बदलणे आम्हाला नेहमीच सोपे गेले आहे.

मुंबईच्या तारानाथ शेणॉय यांची कथा तितकीच विलक्षण. त्यांना ऐकू येत नव्हते, बोलता येत नव्हते, दृष्टीही अधू. तरी १९८३ पासून त्यांनी इंग्लिश खाडी तीनदा पोहून पार केली. खाडी पोहणाऱ्याने सोबतच्या नावेला स्पर्शही करावयाचा नसतो. अन्नसुद्धा काठीने वा दोरीने दुरूनच द्यावे लागते. नावेवरची हाक कानी न येणाऱ्याने ते तास कसे काढले असतील?

आमच्या विदर्भाच्या वाट्याला आल्या त्या कांचनमाला पांडे. जन्मांध, मूळच्या अमरावतीच्या, नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरीला. जुलै २०१७ मध्ये बर्लिनच्या स्पर्धेसाठी मंजूर झालेले पैसे वेळेवर पोहोचले नाहीत आणि परक्या शहरात उसनवारी करण्याची पाळी त्यांच्यावर आली. तशाही स्थितीत त्या जागतिक स्पर्धेस पात्र ठरल्या. भूकंपामुळे लांबलेली ती स्पर्धा डिसेंबरमध्ये मेक्सिको शहरात झाली. २०० मीटर वैयक्तिक मेडलेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. जागतिक पॅरा जलतरणात भारतीय स्त्रीचे ते पहिले सुवर्ण.

या गटातील प्रत्येक स्पर्धकाला काळा गॉगल लावावा लागतो, म्हणजे कोणाला अंधुक दिसत असले तरी त्याचा लाभ होऊ नये. भिंत कुठे आली हे पोहणाऱ्याला कळत नाही. म्हणून हौदाच्या टोकाला एक सोबती हातात लांब काठी घेऊन उभा असतो. काठीच्या टोकाला मऊ गोळा असतो. भिंत जवळ आली की तो पोहणाऱ्याच्या डोक्याला वा पाठीला हलकेच स्पर्श करतो. क्षणभर आधी स्पर्श झाला तर वेग मोडतो, क्षणभर उशीर झाला तर डोके भिंतीवर आदळते. पन्नास मीटरच्या हौदात २०० मीटरच्या शर्यतीत हा स्पर्श चार वेळा होतो आणि पदकांच्या यादीत काठी धरणाऱ्याचे नाव नसते.