वृद्ध डोळ्याची साक्ष

उतारवयांत दृष्टि मंद होते हें आपण इतकें गृहीत धरतों, कीं म्हाताऱ्याचें निरीक्षण तरुणाच्या निरीक्षणापुढें आपोआपच हलकें ठरतें. सतराव्या शतकांत या समजुतीची एकदां चांगली कसोटी लागली.

डान्झिग, म्हणजे आजच्या पोलंडमधील गदान्स्क, येथें हेवेलिअस नांवाचा ज्योतिर्विद राहत असे. कोन मोजण्याच्या यंत्रांना दुर्बिणी जोडण्याची पद्धत रूढ होत असतांहि हा गृहस्थ नुसत्या डोळ्यानें, यंत्राच्या खुणांशीं तारा नेमका जुळवूनच मोजमाप करी. १६७४ सालीं लंडनच्या रॉबर्ट हूकनें त्याच्यावर तिखट टीका केली. एका कलेहून, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाहून, लहान अंतर मानवी डोळ्याला उमगत नाहीं; मग हीं मोजमापें सूक्ष्म कशीं?

१६७९ च्या मे महिन्यांत एडमंड हॅले आपलें दुर्बिणीचें यंत्र घेऊन डान्झिगला पोहोंचला. हॅले २२ वर्षांचा, हेवेलिअस ६८ वर्षांचा! सुमारें दोन महिने दोघांनीं शेजारीं बसून वेध घेतले, आणि वृद्धाचीं मोजमापें विश्वसनीय असल्याचा लेखी निर्वाळा हॅलेनें दिला. त्यांत यजमानाची भीड थोडी असेलहि. पण सारीच भीड नव्हे.

हूकचें म्हणणें तरी खोटें कोठें होतें? दोन बिंदु वेगळे ओळखणें निराळें, आणि दोन रेषा एका ओळींत आहेत कीं नाहींत हें ठरविणें निराळें. १८९२ सालीं व्युल्फिंगनें दाखविलें, कीं रेषेंतील फरक कलेच्या लहानशा अंशाइतका असला तरी डोळ्याला कळतो. १९७५ सालीं वेस्टहायमरनें या शक्तीला अतितीक्ष्णता असें नांव दिलें. येथें नेत्रपटलावरील एकेक पेशी नव्हे, तर अनेक पेशींचे संदेश ताडून पाहणारा मेंदू काम करतो.

वयाचा प्रश्न येथेंच गुंततो. साठीच्या माणसाचें भिंग पिवळट व बाहुली लहान झालेली असते. विशीच्या मानानें सुमारें एकतृतीयांशच प्रकाश नेत्रपटलावर पोहोंचतो. अक्षरांचा तक्ता वाचतांना ही उणीव लगेच जाणवते. रेषा जुळविण्याच्या परीक्षेंत मात्र कांहीं संशोधकांना वृद्धांत फारशी घट आढळली नाहीं, तर कांहींना ती आढळली. तेव्हां केवळ तक्ता वाचवून वृद्ध कारागिराचा हात थांबविणें मला तरी घाईचें वाटतें.

हॅले परतल्यावर त्याच सप्टेंबरांत हेवेलिअसची वेधशाळा आगींत भस्म झाली. त्यानें ती पुन्हां उभारली, यंत्रें नव्यानें करविलीं आणि वेध चालू ठेवले. १६८७ सालीं, आपल्या शाहत्तराव्या वाढदिवशींच, तो वारला.